हलक्या कपड्यांत आत्याच्या गावी

आदिलाबादच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा मला कोणी 'साहेब' म्हणून हाक मारली नाही. एका रिक्षावाल्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तो माझ्या मागून उतरणाऱ्या, चाकांची बॅग ओढणाऱ्या माणसाकडं वळला. खरं सांगतो, बरं वाटलं.

नागपुरात एका विमा कंपनीच्या कार्यालयात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, पट्टा, मोजे, काळे बूट आणि गळ्यात ओळखपत्र. मोज्यांच्या रबराचा वळ माझ्या पोटऱ्यांवर आता कायमचा आहे. उघड्या पायांनी बसलो तरी तो दिसतो. गेल्या उन्हाळ्यात मणक्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केली. तेव्हाच मनाशी ठरवलं, की या वेळी रजा घेऊन जायचं ते ऑफिसातला एकही कपडा सोबत न घेता. दोन सुती सदरे, दोन पायजमे, एक पंचा, एक पातळ शाल आणि पायात साध्या चपला. सगळं खांद्यावरच्या एका झोळ्यात मावलं. झोळा इतका हलका झाला, की घरातून निघताना काहीतरी विसरलो असं दोनदा वाटलं.

जायचं होतं आत्याकडं. वडिलांची ही धाकटी बहीण आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूर मंडळातल्या एका गावात राहते. आमचं मूळ गावही तेच, आत्याचं माहेर आणि सासर एकाच गावातलं. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामाजी म्हणत असू, मराठी शाळेत मास्तर होते. त्यांना जाऊन वर्ष होत होतं. गावातल्या विहारात त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता. "येजो बापू," आत्या फोनवर म्हणाली होती. "माह्या माहेरचं आता तूच हायेस." गावाचं नाव मी इथं देत नाही. तिथं जे कधीकाळी घडलं ते आसपासच्या कुठल्याही गावात घडू शकलं असतं, आणि आज तिथं राहणाऱ्या पोरांच्या माथी ते कशाला मारायचं?

आदिलाबाद

या शहरात मी जन्मलो, शाळेत गेलो. वडील इथल्याच कचेरीत कारकून होते. ते निवृत्त झाल्यावर आम्ही नागपूरला आलो आणि मग इकडं येणं लग्नामयतीपुरतं उरलं. येत असे तेही बुटात, गाडी करून, संध्याकाळी परत.

या वेळी एक दिवस नुसता फिरलो. दुकानांच्या पाट्या तेलुगूत, भावाची घासाघीस हिंदीत, आणि बायको रागावली की मराठीत, असं हे गाव आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला होता. बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लटकला होता. एका हातगाडीवर मिरची बज्जी तळली जात होती. पूर्वी अशा ठिकाणी मी थांबलो की गाडीवाला फडक्यानं बाकडं पुसायचा, बाकीची गिऱ्हाइकं उठून उभी राहायची आणि मी एकटाच बसून खायचो. आज गाडीवाला म्हणाला, "कूर्चो काका," म्हणजे बस. बाकड्यावर आधीच बसलेला एक हमाल, डोक्यापासून खांद्यापर्यंत कापसाच्या तंतूंनी पांढरा झालेला, जरासा सरकला आणि चटणीची ताटली त्यानं माझ्याकडं ढकलली. आम्ही एकाच ताटलीत मिरची बुडवून खाल्ली. नागपुरात माझ्या टेबलाशी रोज शंभर माणसं बोलतात, पण त्यांपैकी कोणी माझ्याकडं ताटली सरकवेल असं वाटत नाही.

संध्याकाळी लॉजवर सदरा धुतला, खिडकीच्या गजाला वाळत घातला. सकाळी तो कोरडा होता आणि त्याला साबणाचा आणि वाऱ्याचा वास येत होता. इस्त्रीवाला नाही, वाट पाहणं नाही. मला वाटलं, आपण उगाच जन्मभर स्वतःला बांधून घेतलं.

इच्चोडा, आणि पुढं

इच्चोड्यापर्यंत मोठा रस्ता आहे. सागाचं रान दोन्ही बाजूंनी येतं आणि मागं पडतं. तिथं उतरताना माझ्या पायजम्याची नाडी तुटली. झोळा एका हातात, पायजमा दुसऱ्या हातात, असा मी बसस्थानकाच्या भिंतीला टेकून उभा होतो. ऑफिसच्या पट्ट्यानं असा दगा कधी दिला नव्हता. चहाच्या टपरीवरच्या बाईनं माझी अवस्था ओळखली. तिनं न हसता केसांतली पिन काढून दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली. तुटल्या नाडीला गाठ मारून, तिचं टोक पिनेला अडकवून मी ती नेफ्यातून ओवून घेतली. पिन परत करू लागलो तर म्हणाली, "राहू द्या, पुढंबी लागन."

पुढं बाजारहत्नूरकडं जाणाऱ्या ऑटोत कापूस वेचायला निघालेल्या बाया होत्या. मी कसाबसा कडेला बसलो. रस्त्याच्या अलीकडं पलीकडं फुटलेला कापूस, मध्येच पिवळ्या फुलांनी भरलेल्या तुरी, आणि लांबवर निळे डोंगर. एका बाईनं आपलं भाकरीचं गाठोडं सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा जरासं, दादा." इस्त्रीच्या पॅन्टवर हे गाठोडं कोणी ठेवलं नसतं.

"तुमी कीर्तन करता का जी?" दुसरीनं विचारलं.

"नाही. विम्याच्या ऑफिसात आहे."

सगळ्या खळखळून हसल्या. त्यांना ती थट्टाच वाटली. मीही हसलो. गाठोडं ऊबदार होतं. आपण कोणीच नसणं किती सोपं आहे, असं त्या वाटेवर मला वाटत होतं. आत्याच्या दारापर्यंत ते टिकलं.

आत्याचं घर

आत्या दारातच उभी होती. सत्तरी कधीच ओलांडली आहे, पण पाठ ताठ. ऑटो थांबला, मी उतरलो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मग माझ्या पलीकडं रस्त्याकडं पाहत राहिली.

"आत्या, मी आलो."

"सुधाकर?" तिनं पुन्हा पाहिलं. डोक्यापासून खाली, चपलेपर्यंत. "गाडी कुठं हाय?"

"ऑटोनंच आलो."

शेजारच्या ओट्यावर दोघीतिघी धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांच्याकडं एक नजर टाकून आत्यानं माझ्या दंडाला धरलं. "घरात चाल. लवकर चाल."

आत कोपऱ्यात वेचलेल्या कापसाचा ढीग होता, छतापर्यंत गेलेला. मामाजींच्या फोटोला हार होता आणि त्याच्या वर निळ्या कोटातली ती तसबीर, जी आमच्या प्रत्येक घरात असते. आतेबहीण वंदना, उटनूरला शिक्षिका आहे, ती कालच आली होती. तिनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. नागपूरला आम्ही अंबाडीत कण्या घालतो. इकडं तिला गोंगुरा म्हणतात आणि नुसत्या लाल मिरचीवर आटवतात. डोळ्यांत पाणी आणणारी चव. आत्या मात्र समोर बसली नाही. उंबऱ्यात उभी राहून माझा झोळा पाहत होती.

"तुहे कपडे कुठं हायेत?"

"हेच. अजून एक जोड आहे झोळ्यात."

"अन् उद्या काय घालशीन?"

"हाच सदरा धुऊन घालीन. पांढरा आहे, कार्यक्रमाला चालेल."

"मी अख्ख्या गावात सांगून बसली," आत्या म्हणाली, "का माहा भाचा येते. साहेब हाय. बुटात येते."

"आई, आता कोन पाह्यते कपडे?" वंदना म्हणाली. "दादा रजेवर हाय. राहू दे ना त्याले आरामानं."

"तू चूप राय."

मी समजावायला गेलो. "आत्या, जन्मभर घातले ते कपडे. गळ्याला दोरी बांधल्यासारखं होतं. जरा सुटून आलोय."

"सुटून आला," ती हळूच म्हणाली. "तुह्या बापानं जे कमावलं, त्याच्यातून सुटून आला?"

आणि ती बाहेर गेली. त्या संध्याकाळी ती जेवलीही नाही. मला राग आला होता, हेही लिहितो. पंचावन्न वर्षांच्या माणसाला कपड्यांवरून बोलणी बसावीत, हे मला पटत नव्हतं.

सकाळी उठलो तर आत्या अंगणात पाटावर बसली होती. लोखंडी पेटी उघडी होती. कोळशाच्या इस्त्रीत निखारे फुलले होते आणि ती एका पांढऱ्या शर्टावर ओल्या फडक्यानं पाणी शिंपडत होती. मामाजींचा शर्ट. शेजारी करड्या रंगाची पॅन्ट, घडी घातलेली, आणि काळे बूट.

"बस," ती म्हणाली. मी जमिनीवर बसलो. तिनं इस्त्री फिरवायला सुरुवात केली आणि मान वर न करता बोलू लागली.

"तुह्या बापाले कचेरीत नौकरी लागली, तवा मी लहान होती. आमच्या वस्तीत पॅन्ट कोनीच पाह्यली नवती. पह्यला पगार झाला अन् दादा घरी आला. पांढरी पॅन्ट, पांढरा सदरा, पायात बूट. मी वेशीपाशी पळत गेली त्याले आनाले. वेशीत निंबाखाली गावची माणसं बसली होती. त्याईनं म्हटलं, बूट हातात घे, मंग गावात पाय ठेव."

इस्त्री थांबली. तिनं ती बाजूला ठेवली आणि कॉलर हातानं सारखी केली.

"मले वाटलं, दादा काढन. सारेच काढत. आमचा बाप त्याच निंबापासून पायतान डोक्यावर घेऊन जाये. दादा काई बोलला नाई. भांडला नाई. त्यानं माहा हात धरला अन् चालत गेला. त्याच्या हाताले घाम आलता. मागून कोन काय म्हने ते मले आयकू येऊन राह्यलं होतं, पन त्यानं मागं पाह्यलं नाई. बुटाचा आवाज येऊन राह्यला होता नुसता, टक, टक."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या कोनालेच कापूस वेचाले बोलावलं नाई. ना त्या हंगामात, ना पुढच्या. आई, बाप, मी, आमी मंचेरियलकडं गेलो. कोळशाच्या खदानीपाशी माती वाह्यली. आईचे पाय सुजले ते उतरलेच नाई. पन आमच्या आईनं दादाले एकदाबी म्हटलं नाई, का तू बूट काऊन नाई काढले."

माझे वडील घरी रविवारीसुद्धा इस्त्रीची पॅन्ट घालत. शेवटच्या आजारात दवाखान्यातला तो पाठीमागं बांधायचा अंगरखा त्यांनी घालायला नकार दिला होता. बटणांचा शर्ट द्या म्हणाले आणि परिचारिकेनं माझ्याकडं पाहून कपाळाला हात लावला होता. हा कचेरीचा सोस आहे, अशी आम्हा घरच्यांची समजूत होती. त्यांनी आम्हाला वेशीची गोष्ट कधीच सांगितली नाही. आमच्या वाट्याला फक्त रोज सकाळी बुटांना पॉलिश करण्याची शिस्त आली.

"उठ," आत्या म्हणाली. "घालून पाह्य."

वेस ते विहार

मामाजी माझ्यापेक्षा उंच होते. वंदनानं पॅन्टच्या पायांची टोकं आत दुमडून टाके घातले. बूट सैल होत होते, तर आत्यानं घरातल्या ढिगातून मूठभर कापूस घेतला आणि दोन्ही बुटांच्या टोकांत दाबून भरला. शर्टाचं वरचं बटण तिनं स्वतः लावलं. निखाऱ्यावरच्या इस्त्रीची ऊब अजून कापडात होती.

विहार तिच्या घरापासून जवळ आहे. पण ती मला उलट्या दिशेनं घेऊन गेली, गावाच्या बाहेर, वेशीपर्यंत. वेस म्हणजे आता दोन सिमेंटचे खांब आणि त्यांवर तेलुगूत रंगवलेली पाटी. निंब आहे. त्याच्या बुंध्याशी सिमेंटचा ओटा झालाय. ओट्यावर माणसं बसली होती. दोघे मोबाइल पाहत होते, एक म्हातारा काठी टेकून नुसताच बसला होता. धोतर मळकं, वर बंडी.

आत्यानं माझा हात धरला. आम्ही चालू लागलो. कापूस भरलेल्या बुटात पाऊल जरा उशिरा पडत होतं, पण टाच वाजत होती. मी कुठल्याही सभेत इतका घाबरलो नसेन. भीती कशाची ते मला सांगता येणार नाही. आज तिथं कोणी काही म्हणणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी तळहाताला घाम आला. आत्याला तो लागला असणार.

ओट्याजवळ आलो तसा म्हातारा काठीवर जोर देऊन उभा राहिला.

"कोन? किसनचा पोरगा का?"

"हो," आत्या म्हणाली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं. "तसाच चालते," तो म्हणाला.

आत्या थांबली. क्षणभर मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, "हो. तसाच चालते."

"च्या घ्या थोडा. बसा."

"मंग येऊ, रामराव. आता टाइम झाला."

रामराव म्हणजे तेव्हाच्या गावप्रमुखाचा मुलगा, हे मला आत्यानं पुढं गेल्यावर सांगितलं. त्या दिवशी तो बापाशेजारी निंबाखाली होता. माझ्या वडिलांच्याच वयाचा.

विहाराच्या दारात मी बूट काढले, सगळेच काढतात तसे. आत्यानं वाकून ते भिंतीशी सरळ लावून ठेवले. आत बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मामाजींच्या विद्यार्थ्यांपैकी एक जण आता बँकेत आहे, एक सडकेच्या खात्यात, ते बोलले. मलाही बोलायला उभं केलं. मी मामाजींच्या आवाजाविषयी बोललो, की त्यांनी पाढे म्हणायला लावले की रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा थबकायचा. वडिलांविषयी बोलणार होतो. पण त्याआधीच हात जोडून खाली बसलो.

बाहेर आलो तर माझ्या बुटांशेजारी एक झिजलेली चपलांची जोडी होती आणि काठी भिंतीला टेकवलेली. रामराव आत मागच्या भिंतीशी येऊन बसला होता. मी त्याला आत येताना पाहिलं नव्हतं.

जेवणाला वरणभात, वांग्याची भाजी, बुंदी. पंगत अंगणात होती. रामराव पंगतीत बसला, इतरांच्या मधोमध. भाजी वाढायला वंदना निघाली तर आत्यानं तिच्या हातून भांडं घेतलं आणि स्वतः वाढत गेली. त्याच्यासमोर आली तेव्हा मी तिच्याकडं पाहत होतो. ती वाकली, पळीभर वाढलं, मग अर्धी पळी आणखी.

"बस बाई," रामराव म्हणाला. मान खाली घालून जेवत राहिला.

सगळे गेल्यावर ओट्यावर बसून मी विचारलं, "माफ केलंस का त्यांना?"

"माफ-बिफ काई नाई," आत्या म्हणाली. "जेवाले आला, वाढलं."

कुंतला

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींचा शर्ट धुऊन दोरीवर होता आणि माझा सदरा, घडी घातलेला, खाटेवर.

"घाल आता तुहे कपडे," आत्या म्हणाली. "गावानं पाह्यलं. आता काईबी घाल."

मी घातला. तोच सदरा, पण दोन दिवसांपूर्वीसारखा तो अंगावर बसला नाही, आणि तसा तो आता कधी बसेल असं वाटत नाही. हलके कपडे माझे मीच मिळवले, असा जो माझा समज झाला होता, तो गेला. आदिलाबादच्या हमालाला बाकड्यावर माझ्याशेजारी बसताना काही सोडावं लागलं नव्हतं. मी काहीतरी सोडू शकलो, कारण ते कोणीतरी आधी मिळवून ठेवलं होतं.

मला कुंतलाचा धबधबा पाहायचा होता. आत्याला म्हटलं, तूही चल.

"माहं काय काम तिथं?"

"काही काम नाही."

तिला ते समजेना. वंदनानं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि आम्हा दोघांना ऑटोत बसवलं. नेरडीगोंड्याहून पुढं रान लागतं. धबधब्याकडं उतरायला पायऱ्या आहेत, बऱ्याच आहेत. आत्या कठड्याला धरून, थांबत थांबत उतरली. आवाज आधी आला. मग वळणावर ते पाणी दिसलं, काळ्या खडकांवरून तुटून पडणारं, खाली पांढरं झालेलं. ती उभीच राहिली. बराच वेळ. मग काठावर, जिथं पाणी शांत होतं तिथं, खडकावर बसून तिनं दोन्ही पाय आत सोडले.

"एवढ्या जवळ होतं हे?" ती म्हणाली.

"कधीच आली नव्हतीस?"

"कवा येतो? इकडं ना कोनाचं लगन होतं, ना मयत, ना काम." पाण्याकडं पाहत ती पुढं म्हणाली, "दादाले दाखवाले पायजे होतं."

आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. वर चढताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुखऱ्या मणक्याला तो भार जाणवला, तरी मी खांदा काढून घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये आत्याला खिडकीशी जागा मिळाली. शेजारची बाई तिच्याच वयाची होती, मांडीवर औषधांची पिशवी. तिनं आत्याच्या ओल्या लुगड्याकडं, पायांकडं पाहिलं.

"दवाखान्यात गेलती काय, बाई?"

आत्यानं लुगड्याचा काठ मुठीत धरून पिळला. पाण्याचे चारदोन थेंब बसच्या पत्र्यावर पडले.

"नाई वं," ती म्हणाली. "फिराले गेलती."